सोनगडची वाट

सुरतेतील जुन्या मराठी घरांपैकी ज्या घरात ‘आमचे मूळपुरुष शिवाजी महाराजांच्या फौजेबरोबर येथे आले’ हे वाक्य कधी उच्चारले गेले नाही, असे घर विरळाच असेल. आमच्याही घरी ते होते. लग्नाच्या बैठकीत, मुंजीच्या पंगतीत आणि कुणी पुण्या-नाशिकचा पाहुणा आला म्हणजे तर हटकून, अण्णाकाका ते म्हणत. आणि म्हणताना त्यांची पाठ किंचित ताठ होई. शेजारचे गुजराती गृहस्थ दिवाळीच्या फराळाला आले की ह्याच वाक्याला हसत हसत उत्तर देत, ‘‘तमे तो अमने लूंटवा आव्या हता ने!’’ काकाही हसत. ही थट्टा दोन्ही घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिच्यात काटा नव्हताच, असे मात्र आम्हांस वाटत नाही. लहानपणी शाळेत इतिहासाचा तो धडा आला की वर्गातील मुले मागे वळून आमच्याकडे पाहत. आणि आपण ताठ बसावे की मान खाली घालावी, हे आम्हांस कळत नसे.

गतवर्षी शहराच्या जुन्या भागातील आमचे घर विकावे लागले. माळ्यावरच्या एका पत्र्याच्या ट्रंकेत कागदांचे गाठोडे निघाले. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी सुरतेत शिरले, तेव्हा ही ट्रंक खालच्या खोलीत होती. कागद भिजले, वाळले आणि पापडासारखे होऊन एकमेकांना चिकटले. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी दोन महिने खपून त्यांतील सात-आठ बंद सोडविले. त्यांत ना सनद निघाली, ना तलवारबहाद्दरीचे वर्णन. निघाला तो सोनगड किल्ल्यावरील कोठीचा हिशेब: भात किती, नागली किती, दिव्याचे तेल किती. खाली लिहिणाराच्या जागी आमच्या मूळपुरुषाचे नाव, हुद्दा कारकून. वर्षाचा आकडा होता त्या जागी नेमका पाण्याचा डाग आहे. मात्र कागद गायकवाडीचा, म्हणजे महाराजांच्या कितीतरी नंतरचा, ह्यात शंका उरली नाही.

अण्णाकाका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘मला सोनगड दाखवा. पाहिल्याशिवाय मी मानणार नाही.’’ काकांचे वय ८२. आत्याबाई त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान; त्यांचे गुडघे दुखतात, पण ‘‘दादा जाणार असेल तर मीही’’ म्हणून त्याही तयार झाल्या. २ ऑक्टोबरची सुट्टी होती. गाडी चालवायला पुतण्या आला. अशा रीतीने एका दिवसात सोनगड, आहवा, सापुतारा, वघई आणि गणदेवीवरून परत सुरत, अशी सुमारे पावणेचारशे किलोमीटरांची फेरी आम्ही केली. ती सहल होती हे खरेच. परंतु आम्हांपैकी दोघे तरी एका वाक्याचा निकाल लावण्यासाठी निघाले होते.

निघण्याची तारीखही मोठी चमत्कारिक जुळून आली. महाराजांची सुरतेवरील दुसरी स्वारी ३ ऑक्टोबर १६७० रोजी झाली. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या ह्याच तिथीच्या आसपास फौज शहराच्या वेशीकडे येत होती, आणि आम्ही त्याच वेशीतून बाहेर पडत होतो.

ह्या दोन्ही स्वाऱ्यांविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरांत त्यांची आठवण आहे पण माहिती फारशी नाही. पहिली स्वारी ६ जानेवारी १६६४ ची. शाएस्ताखानाने तीन वर्षे पुणे प्रांत उद्ध्वस्त केला होता, खजिना रिकामा होता, आणि मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर म्हणजे सुरत. मक्केची जहाजे येथून सुटत. इंग्रज, वलंदेज ह्यांच्या वखारी येथेच होत्या. महाराज जव्हार-रामनगरच्या रानातून उतरले, गणदेवीस आले, तेथून उधन्यास, आणि बुऱ्हाणपुरी दरवाजाबाहेरील बागेत त्यांनी तळ दिला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. चार दिवस लूट चालली, विरजी व्होरासारख्या सावकारांची घरे रिकामी झाली, १० तारखेस फौज निघून गेली. शहराला त्या वेळी धड तट नव्हता. विटांचा तट बांधण्यास सुरुवात झाली ती ह्या स्वारीनंतर. लुटीचा अंदाज एक कोटीपर्यंत जातो. दुसऱ्या स्वारीतील लूट मोगलांच्या चौकशीत ६६ लाखांची ठरली.

आता ह्यातला एक भाग आपण सांगत नाही. खानाने बोलणे करण्याच्या मिषाने पाठविलेल्या माणसाने छावणीत महाराजांवर शस्त्र उगारले, त्यानंतर काही कैद्यांची डोकी आणि हात तोडले गेले. इंग्रज वखारीच्या कागदांत त्याची नोंद आहे. शहराला आगी लागल्या, त्यांत सावकारांबरोबर गरिबांचीही घरे जळाली. स्वारीची राजकीय कारणे खरी आहेत, राज्य उभे करावयाचे तर पैसा कोठून तरी यावा लागतो हेही खरे. पण ज्या गल्लीत आपण दहा पिढ्या राहिलो, त्या गल्लीतील माणसांच्या आठवणीत ती आग आहे, हे आपण कधीतरी मोकळेपणाने कबूल करावयास हवे होते. ‘सुरत बेसुरत केली’ म्हणून टाळी देणारा मराठी माणूस पुण्यात राहतो. आपण सुरतेत राहतो. थट्टेतला काटा येथूनच आलेला आहे.

पण आमच्यापुरता खरा प्रश्न निराळाच होता. ह्या दोन्ही स्वाऱ्यांत मागे कोण राहिले? उत्तर असे की, कोणी नाही. फौज वेगाने आली आणि वेगाने गेली. १६७० साली ५ ऑक्टोबरला सुरत सोडून महाराज बागलाणात शिरले, मागून दाऊदखान आला, आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या मोकळ्या रानात मोठी लढाई झाली. पाठीवर मोगल असताना शत्रूच्या शहरात बिऱ्हाड करून कोण राहील? पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार, रामनगर घेतले आणि सुरतेकडे चौथाईची पत्रे धाडली. तरीही वस्ती करण्यासाठी मराठे सुरतेत आले असे म्हणता येत नाही. आम्ही गाडीत हे सारे बोलत होतो. काका खिडकीबाहेर पाहत होते. बारडोलीचा उसाचा पट्टा लागला होता.

हा रस्ता धुळ्याकडे जातो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर असा तो क्रम. १९४९ पूर्वी हाच प्रवास केला असता तर हद्दी किती वेळा ओलांडाव्या लागल्या असत्या, ह्याचा विचार करून पाहावा. सुरत इंग्रजी, मध्ये पलसाणे गायकवाडी, बारडोली पुन्हा इंग्रजी, व्यारा आणि सोनगड गायकवाडी, पुढे खानदेश इंग्रजी. पेशवे आणि गायकवाड ह्यांनी ‘सुरत अठ्ठाविशी’ म्हणून ओळखला जाणारा मुलूख आपसांत वाटून घेतला, पेशव्यांचा वाटा पुढे इंग्रजांकडे गेला, त्याचीच ही गोधडी. ह्या गोधडीमुळे एकाच पट्ट्यातील दोन शेजारी गावांचे नशीब निराळे झाले. गायकवाडी गावात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ओढ्यापलीकडच्या इंग्रजी गावात ते नव्हते. उलट १९२८ चा सारावाढीविरुद्धचा सत्याग्रह बारडोलीत झाला, कारण सारा इंग्रजांचा होता.

सुमारे नव्वद किलोमीटरांवर सोनगड आले. दुरून ती टेकडी फारशी उंच वाटत नाही. राजगड-तोरणा पाहिलेल्या माणसाने येथे येऊन निराश होऊ नये. ही चौकी आहे. तापीच्या खोऱ्यातून खानदेशास जाणारी वाट आणि दक्षिणेस डांगाचे रान, ह्या दोहोंवर नजर ठेवणारी. गाडी बरीच वरपर्यंत गेली, पुढे पायऱ्या. आत्याबाई एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही जा, मी येथूनच दर्शन घेते.’’ काका मात्र काठी टेकीत, दोनदा थांबत, माथ्यावर पोचले. पावसाळ्याने तटावर गवत कमरेएवढे वाढविले होते. तळघरासारख्या जागेतील अंबामातेच्या देवळात दिवा होता. वर वारा होता, आणि उत्तरेकडे उकाईच्या जलाशयाची चकाकी.

पिलाजी गायकवाडांनी हे ठिकाण १७१९ च्या सुमारास मेवाशी भिल्लांकडून घेतले. गायकवाडांचे मूळ गाव पुणे प्रांतातील खेडजवळचे दावडी. पहिले दमाजी हे सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या पदरी होते. १७२० साली बाळापूरच्या लढाईत त्यांनी नाव मिळविले आणि लवकरच ते वारले. त्यांच्यामागे पुतणे पिलाजी आले. पिलाजींचा तळ आधी नवापुरास होता, पण त्या भागावर दुसऱ्या मराठा सरदारांचाही हक्कदावा. म्हणून ते मागे सरून सोनगडास आले. बडोद्याचे राज्य म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, त्याची सुरुवात अशी, स्वकीयांनी जागा न दिल्यामुळे रानाच्या कडेला मिळविलेल्या एका टेकडीवर झाली. येथून पिलाजी दरसाल खाली उतरत, चौथाई वसूल करीत आणि पावसाळ्यापूर्वी परतत. १७२३ मध्ये त्यांनी सुरतेच्या मोमीनखानाचा पराभव केला आणि अठ्ठाविशीत त्यांची वसुली स्थिर झाली. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले; पुढच्याच वर्षी डाकोरास पिलाजींचा अभयसिंगाच्या माणसांकडून खून झाला. त्यांचे पुत्र दमाजी ह्यांनी ते राज्य वाढविले, १७३४ मध्ये बडोदे कायमचे हाती आले, आणि दमाजींच्या उत्तरकाळात मुख्य ठाणे पाटणास गेले. तोपर्यंत सोनगड हीच राजधानी म्हणावयाची.

स्वारीला घोडा लागतो, वसुलीला लेखणी लागते. दरसाल यावयाचे, अमुक गावची बाकी अमुक, तमुक पाटलाने हप्ता चुकविला, हे ध्यानात ठेवावयाचे म्हणजे कारकून पाहिजे, कोठी पाहिजे, कोठीवर माणूस पाहिजे. आणि तो माणूस वर्षभर राहणार म्हणजे त्याचे बिऱ्हाड पाहिजे. गुजरातेत मराठी वस्ती झाली ती ह्या वाटेने. शिपाई, शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य, पुढे शिक्षक. सोनगडाहून व्यारा, व्याऱ्याहून नवसारी, नवसारीहून सुरत: नोकरी जशी सरकली तशी घरे सरकली. इतिहासाच्या पुस्तकात ह्या माणसांना जागा नसते, कारण त्यांनी काहीही जाळले नाही.

काका बुरुजाच्या दगडाला टेकून बराच वेळ उभे होते. आम्ही त्यांना हिशेबाच्या कागदाची नक्कल दाखविली. त्यांनी ती वाचली नाही. ‘‘येथे तेल मोजत बसला होता तर,’’ एवढेच म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण ज्या माणसाने साठ वर्षे एक गोष्ट सांगितली, त्याला ती अशी वाऱ्यावर सोडून द्यावी लागते तेव्हा कसे वाटत असेल, हे आम्ही जाणून होतो. खाली आल्यावर आत्याबाईंना सारे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘मला हे आधीच माहीत होते.’’ कसे? ‘‘आपल्या घरातले जाते. ते काळ्या दगडाचे आहे, सुरतेकडचे नाही. सासूबाईंच्या सासूबाई सांगत, ते देशावरून गाडीत घालून आणले. लुटायला येणारा माणूस बरोबर जाते आणील का?’’

ह्या प्रश्नाला इतिहासाच्या कोणत्याही प्राध्यापकाने ह्याहून चांगले उत्तर दिले असते असे आम्हांस वाटत नाही.

सोनगडाच्या दक्षिणेस रस्ता डांगात शिरतो आणि सपाटी एकदम संपते. सुरतेच्या माणसाला सह्याद्री म्हटले की खंडाळा-महाबळेश्वर आठवते. पण सह्याद्रीचे उत्तरेकडील टोक आपल्या इतक्या जवळ आहे, समुद्रापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या आत ते नऊशे-हजार मीटर चढते, हे सहसा ध्यानात येत नाही. पूर्णा आणि अंबिका ह्या दोन नद्या ह्याच रानातून निघून, एक नवसारीवरून आणि दुसरी बिलीमोऱ्याच्या बाजूने समुद्राला मिळतात. रस्ता नद्यांच्या वळणावळणाने चढत होता. दोन्ही अंगांना साग आणि बांबू, सागाला पांढरट तुरे आलेले, मधूनच उतारावर नागलीची पिवळसर होत चाललेली शेते. घरे विरळ. दहा-दहा किलोमीटर समोरून गाडी येत नसे. पुतण्याने गाणी बंद केली, ती कोणी सांगितले म्हणून नव्हे.

कागदातील एक नोंद आम्ही मुद्दामच येथपर्यंत राखून ठेवली आहे. तेल-नागलीच्या ओळींच्या मध्ये एक ओळ आहे: डांगातील एका भिल्ल नाइकास गिरासाबद्दल रोकड आणि एक पागोटे. गिरास म्हणजे घास. डांगाचे भिल्ल राजे आणि नाईक डोंगरातून उतरून गायकवाडी आणि खानदेशी गावांकडून आपला हक्क म्हणून वसुली घेत. न दिल्यास गुरे नेत, गाव जाळीत. गायकवाड सरकारही हा गिरास देत असे, आणि वर मानाचे पागोटे. ह्या ओळीपाशी आम्ही थबकलो. जे मराठे सुरतेकडून चौथाई घेत होते, ते स्वतः डांगाला गिरास देत होते. आणि चौथाईच्या समर्थनार्थ आपण जे म्हणतो, की ती लूट नव्हे, राज्यहक्क होता, तेच शब्द डांगचा नाईक आपल्या गिरासाविषयी म्हणत असणार. त्याला आमच्या मूळपुरुषाने काय म्हटले असेल? बहुधा तेच, जे आमचे शेजारी आम्हांस दिवाळीला म्हणत.

इंग्रजांना हा प्रकार सोसवला नाही. १८३० साली आउट्रमने डांगावर मोहीम केली. पण त्यांचे खरे लक्ष सागावर होते. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी लाकूड हवे होते. १८४२ मध्ये त्यांनी राजांकडून रानाचे पट्टे घेतले, वर्षाची ठरावीक रक्कम देऊ केली, आणि हळूहळू रान राजांच्या हातून गेले ते गेलेच. त्या रकमेचा अवशेष मात्र अद्याप आहे. दरसाल होळीच्या आधी आहव्यास डांग दरबार भरतो आणि गाढवी, लिंगा, दहेर, वासुर्णा, पिंपरी ह्या पाच राजघराण्यांना सरकारतर्फे समारंभाने सालियाना दिला जातो. भारतातील संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले. बडोद्याचाही गेला. म्हणजे ज्यांना गायकवाड पागोटे देत, त्या घराण्यांचा मान आजही चालू आहे आणि देणाऱ्यांचा संपला. काकांना हे ऐकून प्रथमच मनापासून हसू आले.

आहव्याच्या अलीकडे एका घरगुती खाणावळीत जेवलो. नागलीचा रोटला, उडदाची डाळ, बांबूच्या कोंबाचे लोणचे. वाढणाऱ्या बाई डांगी बोलत होत्या. आत्याबाई मराठीत विचारीत, बाई डांगीत उत्तर देत, आणि पुतण्या मध्येच गुजरातीत काही मागे. कोणाचेही अडले नाही. ह्याच बोलीवरून १९४९ पासून पुढे दहा-अकरा वर्षे मोठे रण माजले होते. डांगी ही गुजरातीची की मराठीची, ह्यावर पुस्तिका निघाल्या, सभा झाल्या, पुढाऱ्यांची विधाने वृत्तपत्रांत गाजली. अखेर १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला. सुरतेतील आपल्या काही वडीलधाऱ्यांना त्याची खंत शेवटपर्यंत होती. आम्हांसही विद्यार्थिदशेत ती होती. त्या बाईंचे बोलणे अर्धा तास ऐकल्यानंतर असे वाटले, की डांगी ही डांगाची आहे, आणि दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी ती आपली म्हणून ओढण्यापूर्वी एकदा येथे जेवावयास यावे.

आहव्याहून सापुताऱ्याकडे जाताना पूर्वेला डोंगरांची एकामागे एक अशी धुरकट रांग उभी राहते. त्यांतला साल्हेर कोणता, ह्यावर काका आणि पुतण्या ह्यांचा वाद झाला, तो काही मिटला नाही. १५६७ मीटर उंचीचा हा किल्ला महाराष्ट्रातील सर्वांत उंच. १६७१ च्या आरंभी तो महाराजांनी घेतला, आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मोरोपंत आणि प्रतापराव गुजर ह्यांनी मोगलांचा उघड्या मैदानावर पराभव केला. सूर्यराव काकडे तेथे पडले. आपल्यापैकी फार थोड्यांना हे माहीत असेल, की हाच साल्हेर आणि डांगातील रूपगड हे दोन्ही पुढे गायकवाडांकडे होते आणि नवसारी प्रांतात मोडत. नवसारीच्या सुभ्याच्या दप्तरात साल्हेर! साग वाहून नेणाऱ्या गाडीवानांना त्यात काही नवल वाटले नसेल. आम्हांस वाटले.

सापुताऱ्याविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. सर्पगंगेच्या काठी आदिवासी नागाची पूजा करीत, त्यावरून हे नाव. गिरिस्थान वसविताना मूळच्या वस्तीला तेथून उठून नवागामला जावे लागले, ही गोष्ट तळ्याकाठी नौकाविहाराच्या रांगेत उभे असताना कोणी सांगत नाही. सुट्टीमुळे गर्दी एवढी होती, की चहा मिळायला अर्धा तास गेला. तेथून थोड्याच अंतरावर नाशिक जिल्ह्याची हद्द आणि पलीकडे हातगड. पाट्या गुजरातीतून देवनागरीत बदलतात ती जागा आत्याबाईंना पाहावयाची होती. आम्ही तेवढ्यासाठी हद्दीपर्यंत गेलो. त्या गाडीतून उतरल्या, देवनागरी पाटी मोठ्याने वाचली, आणि म्हणाल्या, ‘‘चला, अंधार होईल घरी पोचेपर्यंत.’’ घरी म्हणजे सुरतेला.

उतरताना वघई लागले. येथून बिलीमोऱ्यास जाणारी अडीच फुटी रेल्वे गायकवाडांच्या काळात, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली. लांबी ६३ किलोमीटर. डांगचे लाकूड खाली आणणे हा तिचा हेतू. २०२० च्या अखेरीस ती बंद करण्याचे ठरले होते, लोकांनी आरडाओरडा केला, आणि २०२१ मध्ये ती पुन्हा धावू लागली. आम्ही पोचलो तेव्हा स्थानक निजलेले होते. काका फलाटावर पाच मिनिटे फिरून आले. त्यांच्या वडिलांनी ह्या गाडीतून प्रवास केल्याचे त्यांनी सांगितले. आणि ही हकिकत आम्ही पहिल्यांदाच ऐकली. काकांचे आजोबा वनखात्यात हिशेबनीस होते म्हणे. पुन्हा हिशेब! महाराजांच्या गोष्टीखाली अशा किती गोष्टी चेपून गेल्या असतील?

चिखलीहून आम्ही गणदेवीकडे वळलो. आता वाट १६६४ ची. उजेड संपला होता, चिकूच्या बागा काळ्या दिसत होत्या. जानेवारीच्या थंडीत चार हजारांच्या आसपासची ती फौज ह्याच सपाटीवरून उत्तरेला गेली. बादशाही सरदारांची फौज अहमदाबादेस चालली आहे, असे वाटेत सांगत. आम्ही हे सांगितले तेव्हा काकांनी विचारले, ‘‘ह्या वाटेने आलेला एकही माणूस राहिला नाही, असे तू खात्रीने म्हणतोस?’’ आम्ही म्हणालो, एकही राहिला नाही असे कोण सिद्ध करणार; राहिल्याचा पुरावा नाही एवढेच. काका समाधानाने मागे टेकले. तेवढी फट त्यांना पुरे होती, आणि ती बुजविण्याचा आम्हांस अधिकार नाही.

रात्री साडेनऊला उधन्याच्या चौकात गाड्या तुंबल्या. जेथे ६ जानेवारीच्या सकाळी फौज येऊन ठेपली, तेथे आता यंत्रमागांची खडखड आणि कापडाच्या गठ्ठ्यांचे टेम्पो. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून सुरतेला अमळनेरशी जोडणारी रेल्वे झाली, आणि तिने खानदेशातून माणसे आणली. गेल्या पन्नास वर्षांत तर उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत ती लाखांनी आली. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना ती येत नाहीत, कारण आपण बोलावीत नाही. आपण ‘जुने’, ते ‘कामगार’. आपले मराठी पुस्तकी, त्यांची अहिराणी. आम्ही स्वतः हा भेद चाळीस वर्षे पाळला आहे.

गाडी वडापावच्या गाड्याशेजारी उभी होती. तेथे चार-पाच मुले पाळी संपवून आलेली, केसांत सूत अडकलेले. त्यांतला एक दुसऱ्याला हप्त्याचा हिशेब समजावीत होता: इतके मीटर, इतका दर, इतकी कापणी. काकांनी काच खाली केली. मुलाने वळून पाहिले.

‘‘कुठले, बाळ?’’ काकांनी विचारले.

‘‘शिंदखेड्याचा, बाबा. तुम्ही?’’

काका क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘‘सोनगडचे.’’